पहिल्या रांगेतली पिशवी

भात पिवळं पडायला लागलं की त्या कॉन्फरन्सची मेल येते. यात कुणाचं काही संगनमत नाही. दिवाळीच्या मागेपुढे आमच्याकडे इंद्रायणीचं भात कापणीला येतं आणि त्याच सुमाराला बंगळूरला देशभरातले प्रोग्रामर गोळा होतात, एवढंच. पण माझ्या डोक्यात आता त्या दोन्ही गोष्टी एकाच हंगामाच्या होऊन बसल्यात. यंदाही मेल आली. पासलीत आमच्या वाडीला मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी लागते, तिथं उभी होते, तर फोनमध्ये एकदम धडाधडा मेल उतरल्या आणि त्यांत ही. वर रंगीत अक्षरांत लिहिलेलं, 'चला, पुन्हा भेटू या!' मी मनात म्हटलं, पुन्हा? गेल्या वर्षी तरी कुठं भेटलो होतो आपण?

कापलेल्या भाताचा वास कसा असतो हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. ओला असतो, थोडा गोडसर, आणि त्याच्या खाली पावसाळ्यातल्या चिखलाचा जुना वास. सकाळी दहिवर असेपर्यंत तो जमिनीलगत राहतो आणि उन्हं आली की वर चढतो. पात्यांची धार हाताला लागत राहते, काम करताना कळत नाही, पण अंघोळीला बसलं की कोपरापर्यंत चरचरतं. गेल्या वर्षी बंगळूरच्या हॉटेलात गरम पाण्याखाली हात धरले तेव्हा ते तसेच चरचरले, कारण निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी शेजारच्या ठकूकाकूंच्या खाचरात होते. त्या चकचकीत खोलीत ओळखीचं असं तेवढंच होतं.

मी घरूनच काम करते. कंपनी कुठं आहे म्हणून लोक विचारतात तेव्हा मी सांगते की लॅपटॉपमध्ये. घरी तारेचं इंटरनेट आहे, ते वाऱ्याच्या मर्जीवर चालतं. सकाळी पडदाभर चौकोन उघडतात, प्रत्येक चौकोनात एक नाव, कॅमेरे बंद. 'माझं झालं', 'माझं अडलंय', 'थँक यू', आणि चौकोन मिटतात. मग दिवसभर मी आणि कोंबड्या. आई शेतात. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

या वाऱ्यावरच्या इंटरनेटला वैतागून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तुम्ही काही लिहिलं, पाठवलं आणि मध्येच रेंज गेली, तर ते हरवू नये, नीट जपलं जावं आणि रेंज आली की आपलं आपण पुढे जावं, एवढंच त्याचं काम. त्याला मी 'पडवी' नाव दिलं. आलेलं माणूस पावसात उभं राहत नाही, दार उघडेपर्यंत पडवीत टेकतं, तसं. तो मी सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवला आणि कुठकुठले लोक तो वापरायला लागले. मग त्यांच्या तक्रारी यायला लागल्या, त्याही कुठकुठल्या भाषांत. उत्तरं द्यायला मी एकटी. काम जड नव्हतं. जड होतं ते हे, की मी लिहिलेली ओळ चूक आहे की बरोबर, हे विचारायला या अख्ख्या जगात मला माणूस नव्हतं. मला एक जोडीदार हवा होता. कॉन्फरन्सला मी तेवढ्यासाठी गेले होते, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

जाण्याआधी मी अभ्यासही केला होता. मोठ्या कॉन्फरन्सचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा, यावर इंटरनेटवर माणसं किती लिहितात! नवे बूट घालून जाऊ नका, चालून पाय तुटतात. सगळी भाषणं ऐकायच्या मागे लागू नका, ती नंतर घरी बसून बघता येतात. खरी कॉन्फरन्स दालनांच्या बाहेर, चहाच्या टेबलांशी असते. जेवायला अनोळखी माणसांत बसा. मी सगळं मनावर घेतलं. कामथडीच्या आत्याकडे थांबून तिने बांधून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि हमरस्त्यावर बस पकडली. आईने निघताना एवढंच सांगितलं होतं, "लोकाच्यात जातीस तर हात बांधून हुबी राहू नगं. दिसंल त्या कामाला हात लाव."

आता इथं सावडीबद्दल सांगायला हवं. सावड म्हणजे आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. पण तिचा एक कायदा आहे जो कुणी कुणाला शिकवत नाही. सावडीला बोलवायचं नसतं. 'आम्ही तुमच्याकडे आलो होतो, आता तुम्ही या' असं तोंडाने म्हणणं म्हणजे समोरच्याला बेइमान म्हणण्यासारखं. म्हणायची गरजही पडत नसे. सगळी वाडी त्याच बांधांवरून येजा करायची, कुणाचं भात कुठवर आलंय ते येताजाता दिसायचं, आणि कापणीच्या सकाळी बाया विळे घेऊन आपापल्या येऊन उभ्या राहायच्या. लहानपणी मला ती जादू वाटायची. दहिवरातून एकेक पदर बांधावर चढताना दिसे आणि आई नुसती म्हणे, "आल्या." त्यांच्याकडे वळूनही बघत नसे, खाली वाकून कापायला लागे.

तर बंगळूर. ते दालन केवढं होतं हे सांगायला मला आमच्याकडचं काही सापडत नाही. दिव्यांचा पांढरा उजेड, वातानुकूलनाची घूं घूं, गालिच्यावर पावलांचा आवाज नाही, आणि माणसं, माणसं, माणसं. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी. बोलायच्या आधी लोक एकमेकांच्या छातीवरच्या पट्टीकडे बघत आणि मग ठरवत, की हसायचं किती. माझ्या नावाखाली कंपनीचं नाव होतं, ते कुणी ऐकलेलं नसे, त्यामुळे माझ्या वाट्याला हसू बेताचंच यायचं. चहाच्या टेबलाशी गेले. तिथं घोळके होते आणि घोळक्यांना पाठी होत्या. मी दोनदा चहा घेतला, शेंगांची पुडी पिशवीतून काढली, परत ठेवली. मला फार एकटं वाटलं. पासलीत मी एकटी असते तेव्हा निदान कुणी दिसत तरी नसतं.

मग मला मीनाक्षी दिसली. एका छोट्या स्टॉलच्या मागे लॅपटॉपवर ओणवी, कपाळाला हात. कोइमतूरकडची. तिच्या चमूने खेड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी ॲप बनवलं होतं, बाळांची वजनं लिहायचं. हजारो फोनांनी दालनातलं नेटवर्क गुदमरलं होतं आणि तिचं ॲप लोकांसमोर परत परत अडकत होतं. लोक दोन मिनिटं थांबत, सौजन्याने मान हलवत आणि पुढच्या स्टॉलवर जात. मला तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. मी म्हटलं, "मी बघू का?" आणि स्टॉलच्या मागे जाऊन बसले.

ते मग दोन दिवस मी तिथंच होते. मोठ्या दालनातली मोठी भाषणं चुकली, त्याचं मला काही वाटलं नाही. तिच्या ॲपला पडवी जोडली, ते अडकायचं थांबलं. शेंगा संपल्या. तिला दहीभात आवडायचा आणि ती फार भरभर बोलायची, इंग्रजी, मध्येच हिंदी, मध्येच तमिळ. मी तिला आईबद्दल सांगितलं, तोरण्यामागच्या आमच्या वाडीबद्दल, खाचरांबद्दल. कितीतरी दिवसांनी मी सलग बोलत होते. तिने एकदा विचारलंही, "तू इथं आलीस कशासाठी? काय बघायचंय तुला?"

मी म्हटलं, "काही नाही, असंच."

शेवटच्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळेला, सगळ्यात लहान हॉलमध्ये मला दहा मिनिटं बोलायचं होतं. पडवीवर. हे मी मीनाक्षीला सांगितलं नाही. संकोच म्हणून नव्हे. मला तसं सांगणं सुचलंच नाही. दोन दिवस मी तिच्या बांधावर होते. आता माझी कापणी होती, ती येणार. वेळापत्रक सगळ्यांच्या फोनमध्ये होतं, माझं नाव त्यात छापलेलं होतं. मी हॉलमध्ये आधी जाऊन पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर माझी पिशवी ठेवली, कॉन्फरन्समध्ये सगळ्यांना वाटलेली, निळी, कापडी. तिच्यासाठी जागा धरली.

हॉलमध्ये तीन-चार माणसं होती. एक मुलगी भिंतीतल्या सॉकेटशी फोन लावून बसली होती. एक गृहस्थ मागे डोळे मिटून होते. ध्वनियंत्रावरचा माणूस मात्र ऐकत होता, बिचाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. मी बोलले. बोलताना दाराकडे बघत होते. पडद्यावर दाखवायची शेवटची एक पाटी मी तयार केली होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'या कामाला अजून एक माणूस हवा आहे.' ती मी दाखवलीच नाही. कुणाला दाखवायची? पिशवीला? 'धन्यवाद' म्हणून उतरले, पिशवी उचलली आणि बाहेर पडले. मीनाक्षीच्या स्टॉलकडे परत गेले नाही. राग आला होता मला, खरा राग, वाडीत कुणी सावड चुकवली की येतो तसला.

घरी पोचले तेव्हा आमचं भात कापून झालं होतं. खळ्यावर भारे रचलेले.

"झालं का तुजं काम?" आईने विचारलं.

"झालं."

"मानसं आली व्हती?"

"लई," मी म्हटलं.

"हितं बी आली. ठकू तर सांजच्यापत्तुर व्हती." आई समाधानाने म्हणाली. माझ्या गळ्यातली पट्टी तिने हातात घेऊन ताणून बघितली, मजबूत आहे म्हणाली, आणि करडाच्या गळ्यात बांधली. ते करडू पुढे कित्येक महिने माझं नाव घालून वाडीभर हिंडत होतं. माझ्यापेक्षा त्याची ओळख जास्त झाली. निळी पिशवी विळे ठेवायला गेली.

उन्हाळ्यात मीनाक्षीचा मेसेज आला. त्या कॉन्फरन्सवाल्यांनी सगळ्या भाषणांचे व्हिडिओ इंटरनेटवर चढवले होते आणि पडवीबद्दल काहीतरी शोधताना तिला माझा सापडला होता. तिने लिहिलं होतं, 'तू बोललीस तिथं? आणि मला सांगितलं का नाहीस? मी भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये बसले होते, कंटाळत. स्टॉलवर तुझी वाट बघत होते संध्याकाळी.' आणि खाली आणखी एक ओळ. 'पहिल्या रांगेत पिशवी ठेवलेली दिसते. कोणासाठी होती?'

मी ते टाकीपाशी उभी राहून वाचलं. मग कठड्यावर बसून परत वाचलं. काय लिहिणार? आमच्याकडे सांगत नाहीत? तिच्याकडे कुणाचं भात कधी पिकलंय ते दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. त्या दालनात प्रत्येक जण आपापलं पीक पोटात घेऊन हिंडत होता. पुरेपूर फायदा कसा घ्यावा हे लिहिणाऱ्या माणसांनी बुटांपासून सगळं लिहिलं होतं. आपल्याला काय हवंय ते तोंड उघडून मागा, एवढं लिहायचं त्यांच्या डोक्यात आलं नसेल, कारण त्यांना ते येतच असणार. उत्तर राहून गेलं. मग उशीर झाला म्हणून राहिलं. मग फारच उशीर झाला म्हणून.

आज आमची कापणी. सकाळी दहिवर दाट होतं, तोरण्याचं डोकं दिसत नव्हतं. मी सुट्टी घेतलेली. आई उजाडल्यापासून बांधावर, निळी पिशवी शेजारी ठेवून. गेला आठवडाभर ती लोकांच्या खाचरांत राबली होती, शनिवार-रविवार मीही गेले होते. आम्ही दोघी कापायला लागलो. ऊन वर आलं. दहिवर सुकलं. बांधावर कुणी चढलं नाही.

आई मान वर करत नव्हती. पण तिचा विळा थांबून थांबून चालत होता, त्यावरून मला कळत होतं की ती कान देऊन आहे. थोड्या वेळाने ती उठून उभी राहिली, कमरेला हात लावला आणि वाडीकडे बघितलं. मग पुन्हा खाली वाकली. मला तो हॉल आठवला. ती दाराकडे बघत होती.

"आये, मी जाऊन सांगून येऊ?"

"काय सांगाया?"

"आज आपलं भात हाय म्हनून."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरीची गोष्ट काढली होती. "रेश्मे, आसं बोलवायचं आसतंय व्हय? काय म्हनतील लोक? येनार आसतील तर येतील. न्हाई तर न्हाई."

"आन न्हाई आल्या तर?"

"तर आपुन दोगी हाय की."

मी विळा ठेवला आणि निघाले. मागून आई काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही असं केलं. ठकूकाकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझी जीभ खरंच जड झाली होती. बंगळूरच्या व्यासपीठावर झाली नव्हती एवढी.

"काकू, आज आमचं भात हाय. येता का तुमी?"

काकूंचे हात सुपात थांबले. "आज? आगं बया! आन मी हितं बसलीया. मला वाटलं, तुमी कापनीची मशीन आननार. ती खालच्या आळीत न्हाई का आली मशीन? म्हनलं, रेश्मा काम्पुटरवाली, तिला कशाला लागतीया सावड. उगं आपुन जाऊन हुबं ऱ्हायाचं, आन तितं मशीन चाललेली. कसं दिसतंय ते?"

"कुणी सांगितलं तुमाला मशीनचं?"

"कुनी न्हाई. तूच कुटं काय सांगितलंस?"

त्यांनी वळचणीतला विळा ओढला आणि चप्पल न घालता माझ्या पुढे निघाल्या. वाटेत आणखी दोघींना हाक मारली. त्यांनाही मशीनच वाटली होती. पूर्वी त्या आमच्या बांधावरून जायच्या. यंदा रस्ता झाला, दूध घालायला आणि दळणाला गाडीवरून जातात, आमच्या खाचरात आई सकाळपासून वाकलेली आहे हे दिसणार कुठून? तिघी आपापल्या घरी बसून होत्या, आम्हाला अवघड वाटू नये म्हणून.

दुपारी भाकरीला बसलो तेव्हा निम्म्याहून जास्त खाचर झालं होतं. सगळ्यांना सुकटाची चटणी वाढून झाल्यावर आई माझ्यापुरतं, हळू म्हणाली, "बोलवून आल्याली सावड न्हवं ती."

"मग काय हाय?"

आईने भाकरीचा तुकडा मोडला. "म्हाईत न्हाई," म्हणाली. मग समोरच्या मोकळ्या झालेल्या रानाकडे बघून, "भात मातुर कापलं."

काकू हात धुऊन आल्या. बांधावर सावलीला एवढीशी जागा, त्यात निळी पिशवी पडलेली. "ही काड गं बाजूला," त्या म्हणाल्या, "बसू दी मला." मी पिशवी उचलली. काकू तिथं हुश्श करून बसल्या आणि पाय लांब केले.

पिशवी मांडीवर घेऊन मी फोन काढला. मीनाक्षीचा मेसेज बराच खाली गेला होता, बोट सरकवत शोधावा लागला. बोटांना भाताची कुसळं आणि चटणीचं तेल, अक्षरं भलतीच उठत होती. मी लिहिलं, 'ती पिशवी तुझ्यासाठी होती. मी तुला सांगितलं नाही, आमच्याकडे सांगत नाहीत. आता सांगते. पडवीचं काम मी एकटी बघते आणि मला जोडीला माणूस हवं आहे. येशील का?'

पाठवलं. खाचरात रेंज नसते. मी मेसेजही पडवीतूनच पाठवते, त्यामुळे पडद्यावर ती ओळ आली, जी मीच कधीतरी एकटीने बसून लिहून ठेवली होती. 'जपून ठेवलं आहे. रेंज आली की जाईल.' ती ओळ किती अनोळखी लोकांना मी दाखवली असेल. त्यांना ती वाचून कसं वाटत असेल हे मला आज पहिल्यांदा समजलं. बायका पुन्हा कापायला उठल्या. संध्याकाळी पाण्याला टाकीवर जायचंच होतं, तोवर काही बिघडत नव्हतं.

पण मी पिशवी बांधावर ठेवली आणि टाकीच्या वाटेला लागले.

"आता कुटं चाललीस?" आईने मागून विचारलं.

"एकीला बोलवाया," मी म्हटलं, आणि चढ चढू लागले.